मावशींचा हातगुण आणि आमची बुरशी

दर शनिवारी सकाळी आमच्या प्रयोगशाळेत धुण्याच्या खोलीबाहेर रांग लागायची. रांगेतली माणसं साधीसुधी नव्हती. कुणाच्या नावामागे दोन पदव्या, कुणाच्या तीन. प्रत्येकाच्या हातात एक काचेचा फ्लास्क, त्यात फिकट पिवळं पाणी, पाण्यावर पांढऱ्या बुरशीची साय आणि तोंडाला कापसाचा बोळा. आत काचसामान धुणाऱ्या मावशी एप्रनला हात पुसायच्या, एकेक फ्लास्क दोन्ही तळव्यांत धरायच्या, क्षणभर थांबायच्या आणि परत द्यायच्या. ज्याला फ्लास्क परत मिळायचा तो असा सांभाळून निघायचा, की समोरून येणारा आपोआप भिंतीला चिकटून उभा राहायचा.

या रांगेत मीही असायचो, तिसरा किंवा चौथा. पहिला नंबर लागावा म्हणून पहाटे येण्याइतका मी अंधश्रद्धाळू नव्हतो, एवढी नोंद माझ्या बाजूने व्हावी.

ही नोंद हवी, कारण दर रविवारी मी अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं देतो. हवेतून अंगठी काढणारे, बोटाच्या स्पर्शाने मुतखडा विरघळवणारे, डोळे मिटून चोर ओळखणारे अशा सगळ्या महाराजांच्या युक्त्या मी व्यासपीठावर फोडून दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात. माझी बायको वाजवत नाही, कारण तिला ते व्याख्यान पाठ आहे. नाकाने कांदे सोलण्यात माझा हात धरणारा आमच्या गावात दुसरा कुणी नाही. तर असा मी, शनिवारी रांगेत आणि रविवारी व्यासपीठावर.

आमचं काम लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं. जंगलात पडलेला ओंडका काही वर्षांनी हाताने चुरता येतो, ती हिची करणी. लाकडाचे धागे एका चिवट, तपकिरी चिकाने एकमेकांना बांधलेले असतात. तो चीक तोडायला बुरशी एक एन्झाइम सोडते. गंमत अशी, की तेच एन्झाइम कापडाचे पक्के रंगही तोडतं. त्यामुळे गावाबाहेरच्या रंगकारखान्याचा मालक आमच्याकडे आला होता. त्याच्या कारखान्यातून ओढ्यात कधी निळं, कधी जांभळं पाणी जायचं. सरकारी तपासणीच्या आत ते स्वच्छ करून दाखवलं नाही, तर कारखान्याला टाळं लागणार होतं. आमचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, त्यांनी त्याला छातीठोकपणे शब्द दिला. शब्द दिल्यावर लक्षात आलं, की आमची बुरशी एन्झाइम द्यायलाच तयार नाही.

वाढायची मात्र छान. आम्ही तिला साखर कमी दिली, जास्त दिली. पाणी आंबट केलं, कमी आंबट केलं. भुसा घातला, कोंडा घातला, उबेचे अंश चढवले आणि उतरवले. आणि हे सगळे फ्लास्क शेकरवर ठेवले. शेकर म्हणजे फ्लास्क अखंड गरगर हलवत राहणारं यंत्र. हलवलं की हवा मिळते, हवा मिळाली की वाढ होते, हे आम्ही सगळे शिकून आलो होतो. चाचणी सोपी होती. फ्लास्कमधलं थोडं पाणी घ्यायचं, त्यात निळा रंग टाकायचा आणि तो उडतो का ते बघायचं. उडत नव्हता. फ्लास्कमध्ये बुरशीच्या गुबगुबीत गोळ्या फिरत असायच्या आणि नळीतला निळा रंग आमच्याकडे बघत बसायचा.

अशात चमत्कार झाला. आमच्याकडे एक संशोधक मुलगी आहे, तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. तिने बुरशी पेरलेले काही फ्लास्क शेकरवर जागा नव्हती म्हणून धुण्याच्या खोलीत टेकवले आणि ताप आल्यामुळे ती घरी गेली. परत आली तेव्हा ते फ्लास्क मावशींनी नळाजवळून उचलून वरच्या फळीवर ठेवले होते. फेकण्याआधी सहज म्हणून तिने चाचणी केली. रंग बघता बघता उडाला. नळीत साधं पाणी असावं तसं दिसायला लागलं. सगळे धावत आले. मोठ्या सरांनी विचारलं, या फ्लास्कना कुणाकुणाचा हात लागला होता. मावशी घाबरून म्हणाल्या, माझाच लागला, फुटले तर नाही ना? मोठे सर हसत म्हणाले, मावशी, तुमच्या हाताला गुण आहे.

ते गमतीत म्हणाले होते. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एकाने आपला फ्लास्क मावशींच्या फळीवर ठेवला, शनिवारी त्यांच्याकडून हात लावून घेतला, रात्रभर शेकरवर फिरवला आणि रंग उडाला. तिसऱ्याचा उडाला. ज्याने हट्टाने हात लावून घेतला नाही आणि पेरल्या पेरल्या फ्लास्क शेकरवर चढवला, त्याचा रंग ढिम्म राहिला. आता बोला. आठवडाभर मावशींना धुण्यातून डोकं वर काढायला फुरसत नसायची, म्हणून हात लावण्याचा वार शनिवार ठरला. सोमवारी फ्लास्क फळीवर ठेवून नंबर लावायचा, शनिवारी हात लागायचा. कधी हात लागूनही एखादा फ्लास्क वाया गेला तर त्याचीही उत्तरं तयार असायची. मावशींचं मन त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं, किंवा देणाऱ्याने नीट धरून दिला नव्हता. महाराजांच्या भक्तांकडून ही उत्तरं मी इतक्यांदा ऐकली होती, की व्याख्यानात त्यांची नक्कल करून हशा मिळवायचो. इथे मी ती गंभीरपणे मान हलवत ऐकत होतो.

खरं सांगायचं तर नुसता ऐकत नव्हतो. प्रत्येक महाराजाला एक बोलका शिष्य लागतो, तो मी झालो होतो. रंगकारखान्याचा मालक बघायला आला तेव्हा मोठ्या सरांनी समजावून सांगायला मलाच पुढे केलं. मी फळ्यावर तळहाताचं चित्र काढलं. तळव्याची ऊब काचेतून आत शिरते, बुरशीच्या पेशींना सौम्य उष्णाघात बसतो, त्या आघाताने झोपलेली एन्झाइमनिर्मिती जागी होते, अशी मी तोंडाला येईल ती पोपटपंची केली. तिला नावही दिलं, हस्तस्पर्श-प्रेरण. ऊबच हवी तर फ्लास्क उन्हात का ठेवत नाही, किंवा माझे स्वतःचे तळवे थंड आहेत का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. मालकाने टोपी काढून हातात धरली आणि धुण्याच्या खोलीच्या दाराशी जरा वेळ उभा राहिला. आत मावशी बारीक ब्रशने परीक्षानळ्यांचे तळ घासत होत्या.

त्या स्वतः काय म्हणत होत्या, ते सांगायलाच हवं. त्या पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होत्या, माझ्या हातात काही नाही, मी भांडी धुते. त्यावर आम्ही एकमेकांकडे बघून कौतुकाने हसायचो. बघा किती साध्या आहेत, कसला म्हणून अभिमान नाही. नाही म्हणणाऱ्यालाच लोक जास्त मोठा करतात, हेसुद्धा माझ्या व्याख्यानात होतं.

याच सुमारास मावशींनी सुट्टी मागितली. त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून अंथरुणातून उठू नको असं बजावलं होतं. घरी फक्त जावई. आजवर मावशींना सुट्टी मिळायला कधी अडचण आली नव्हती. पण आता मोठे सर खुर्चीतून अर्धे उठले. कारखान्याची चाचणी तोंडावर आली असताना तुम्ही गेलात तर इथे काय होणार? मावशी उभ्याच राहिल्या. मोठ्या सरांनी मला त्यांची समजूत काढायला सांगितलं. बोलण्यात मी पटाईत. मी त्यांना सांगितलं, पहिल्या बाळंतपणाला बहुतेक उशीरच होतो, चाचणी झाली की त्याच दिवशी निघा, आम्ही गाडी करून देऊ.

"सर, तुम्हाला तरी खरं वाटतं का हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, प्रश्न खरं-खोट्याचा नाही, निष्कर्षांचा आहे. असलं वाक्य मी कुठून आणलं कोण जाणे. त्या धुण्याच्या खोलीत परत गेल्या.

घरी जेवताना मी हे बायकोला सांगितलं. ती शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना प्रश्न विचारायला लावून लावून तिचा स्वभावच तसा झाला आहे. सुरुवातीला ती हसत हसत ऐकत होती. मुलीच्या बाळंतपणाचं ऐकल्यावर तिचं हसू गेलं आणि तिने ताट बाजूला सारलं.

"अहो, तुम्ही दर रविवारी लोकांना सांगता ना, महाराजांची परीक्षा घ्या म्हणून? मावशींची घेतलीत?"

मी म्हणालो, आमच्याकडे तक्ते आहेत.

"तक्ते महाराजांकडेही असतात. हात लागलेले आणि न लागलेले फ्लास्क एकाच फळीवर, तितकेच दिवस कधी ठेवलेत? कुठला कोणता, हे चाचणी करणाऱ्याला माहीत नसताना?"

मी पाणी प्यायलो. पाणी पिण्याने उत्तर सुचत नाही, पण वेळ मिळतो.

तिची शाळा बंद होती त्या सोमवारी ती प्रयोगशाळेत आली. चष्मेवालीने एकाच वेळी, एकाच घाण्यातून बरेच फ्लास्क पेरून दिले. बायको ते घेऊन मावशींबरोबर धुण्याच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. निम्म्यांना मावशींनी नेहमीसारखा दोन्ही तळव्यांनी हात लावला, निम्म्यांना त्यांचा स्पर्शही झाला नाही. सगळ्यांवर बायकोने रंगीत ठिपके चिकटवले. ठिपक्यांचा अर्थ फक्त त्या दोघींना ठाऊक. मग दोन्ही प्रकारांतले निम्मे फळीवर राहिले आणि निम्मे थेट शेकरवर गेले. शनिवारी पुन्हा दार लावून तोच विधी पार पडला, कारण मोठ्या सरांना मागाहून पळवाट मिळायला नको होती.

आणि हा सगळा आठवडा मावशी तिथेच होत्या. बायको म्हणाली होती, त्यांना आजच जाऊ द्या, हात लावायला मोलकरणीपासून मंत्र्यापर्यंत कुणीही चालेल. मावशीच नको म्हणाल्या. मी गेले आणि काही बिघडलं तर माझ्या नावाने बोंब होईल, त्यापेक्षा एकदा काय ते होऊन जाऊ दे. मोठे सरही म्हणाले, आता परीक्षा आहेच तर शनिवारपर्यंत थांबा. मी होकार दिला. प्रयोग नीटनेटका व्हावा, अशी माझी इच्छा होती. भोंदूगिरी फोडण्याच्या उत्साहात मी त्या बाईला आणखी एक आठवडा अडकवून ठेवलं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

शनिवारी दुपारी सगळे चाचणीच्या टेबलाभोवती जमले. चष्मेवालीने एकेका नळीत निळा रंग सोडला. काही वेळाने ओळीतल्या बऱ्याच नळ्या स्वच्छ झाल्या आणि बाकीच्या निळ्याच राहिल्या. मोठ्या सरांनी स्वच्छ नळ्यांकडे बोट दाखवलं.

"या मावशींच्या," ते म्हणाले.

"त्यातल्या निम्म्या," बायको म्हणाली. "लाल ठिपका म्हणजे हात लागलेला, हिरवा म्हणजे न लागलेला. बघा."

स्वच्छ नळ्यांवर लाल आणि हिरवे ठिपके सारखेच होते. निळ्या राहिलेल्यांवरही सारखेच. फळीवरचा प्रत्येक फ्लास्क उजळला होता, शेकरवरचा एकही नाही. मावशींचा हात लागला काय आणि न लागला काय, बुरशीला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग मोठे सर म्हणाले, म्हणजे आता त्या खोलीलाच गुण आला आहे तर. हसू नका, मीही मनातल्या मनात नेमकं हेच म्हणत होतो. बायकोने त्याच घाण्यातले काही जादा फ्लास्क चष्मेवालीला सोमवारीच मोठ्या सरांच्या केबिनमधल्या फायलींच्या कपाटात ठेवायला सांगितले होते. ते तिने काढून आणले. त्यांचाही रंग उडाला. एवढं झाल्यावर बायकोने माझ्याकडे वळून, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसं विचारलं, ही बुरशी जंगलात कुठे राहते.

पडलेल्या ओंडक्यावर, मी म्हणालो.

"आणि त्या ओंडक्याला कोण हलवतं?"

एवढा साधा प्रश्न. आमच्या बुरशीला शांत पडून राहायचं होतं. शांत राहिली की ती पाण्यावर साय धरते, वरून हवा घेते, आयती साखर आणि नत्र खाऊन घेते. ते संपत आलं, पोटाला चिमटा बसला, की मग लाकडाच्या वाटेला जाण्यासाठी एन्झाइम सोडते. आम्ही तिला खायला घालून रात्रंदिवस गरगर फिरवत होतो. त्या घुसळणीत तिच्या गोळ्या व्हायच्या, साय धरायचीच नाही आणि एन्झाइमही होत नव्हतं. मावशींच्या फळीवर ती आठवडाभर निवांत राहायची, कारण तिचा नंबर शनिवारी असायचा. चमत्कार हाताचा नव्हता, हाताची वाट बघण्याचा होता. आणि हे आम्हाला दिसलं का नाही, तर आमच्या तक्त्यात बुरशीचे दिवस मोजायला सुरुवात व्हायची ती मावशींचा हात लागल्यापासून. त्याआधीचा आठवडा आम्ही नंबर लावण्यात धरला होता, प्रयोगात नाही. ही युक्ती कुण्या महाराजाने केली असती तर मी पहिल्या झटक्यात पकडली असती. आमची आम्हीच केली म्हणून सुटली.

चष्मेवाली हसायला लागली, मग सगळेच हसायला लागले. मी सगळ्यांत मोठ्याने हसत होतो, कारण लोक आपल्यावर हसायच्या आत आपण हसलेलं बरं. मावशींना बोलवा, त्यांना आज जाऊ देऊ, असं मी म्हणतोय तोवर त्याच दारात आल्या. एप्रन काढलेलं, खांद्याला पिशवी, हातात फोन. पहाटे मुलीला मुलगी झाली होती. फार त्रास झाला, रक्तही बरंच गेलं, आता दोघी ठीक होत्या. जावयाने आत्ता कळवलं होतं.

आम्ही अभिनंदन केलं. त्यांनी मान हलवली. त्या निघाल्याच होत्या, तेवढ्यात मोठे सर कारखान्याच्या चाचणीसाठी पेरलेला मोठा काचेचा हंडा दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. आपण आत्ता काय पाहिलं, ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावर तसंच मांडलेलं होतं. तरीही ते हंडा पुढे करून, जरा ओशाळून म्हणाले, मावशी, जाता जाता एकदा, आमच्या समाधानासाठी.

आणि मी ते थांबवलं नाही. खरी लाज वाटते ती याची. मला सगळं कळलं होतं, आणि तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, लावू दे की हात, बिघडलं काय त्यात.

मावशींनी हात लावला नाही. आवाजही चढवला नाही.

"रात्रभर पोरगी विचारत होती, आई कुठाय. जावई म्हणाले, कामावर आहे. तर ती म्हणाली, तिच्यावाचून तिथे बुरशी वाढत नाही का." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, सर."

त्या गेल्या. मोठे सर हंडा हातात घेऊन तसेच उभे राहिले, शेवटी बायकोने तो त्यांच्याकडून घेतला आणि केबिनमधल्या कपाटात नेऊन ठेवला. कुणी हलवू नका, कुणी हात लावू नका, असं दारावर लिहायची गरज पडली नाही. कुणाची हिंमतच नव्हती. काही दिवसांनी कारखान्याच्या जांभळ्या पाण्यात ते एन्झाइम ओतलं आणि संध्याकाळपर्यंत टाकीचा तळ दिसायला लागला. मालकाने मावशींसाठी काहीतरी भेट पाठवायची म्हटलं. मी त्याला सगळं समजावलं, तळव्याचं चित्र काढणारा मीच होतो हेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि निघताना हळूच विचारलं, पण त्या परत येणार आहेत ना?

म्हणून आता व्याख्यानात मी आणखी एक गोष्ट सांगतो. चमत्काराने फसणाऱ्याचं नुकसान होतं, हे सगळेच सांगतात. ज्याच्या माथी आपण चमत्कार मारतो त्याचं काय होतं, हे कुणी सांगत नाही. फसवणारा दरवेळी लबाडच असतो असं नाही. कधी कधी तो आपल्यासारखा शिकलेला, तक्ते काढणारा, छान बोलणारा माणूस असतो, आणि ज्याला देव केलं जातं ते बिचारं माणूस नाही नाही म्हणत असतं. परीक्षा घ्यायला फार अक्कल लागत नाही. झाका, निम्म्यांना हात लावू नका आणि जे दिसेल ते मुकाट्याने माना. आणि तेवढंही जमत नसेल, तर ज्याच्या हाताला गुण आहे म्हणून तुम्ही रांगेत उभे आहात त्याला एवढंच विचारा, की बाबा रे, तुला घरी जायला सुट्टी मिळते का.